खोली, दिवा आणि वेळ

विद्वत्ता उपजत असते, असा एक सोयीचा समज आपल्याकडे रूढ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अफाट व्यासंगाकडे पाहतानाही पुष्कळजण हाच निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्यांच्या विद्यार्थिदशेचा तपशील मात्र निराळी हकीगत सांगतो. अभ्यासाची सवय त्यांना एका दिवसात लागली नाही आणि ती आपोआप टिकलीही नाही. कधी जागा नव्हती, कधी पैसा नव्हता आणि वेळ तर नेहमीच अपुरा होता. या तीन अडचणींतून वाट काढता काढता त्यांची अभ्यासाची शिस्त घडत गेली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झाले. त्यानंतर सुभेदार रामजी सकपाळ यांनी कुटुंब मुंबईला आणले. परळच्या चाळीतील एकच खोली हे त्यांचे घर होते. स्वयंपाक, सामानसुमान, घरातील माणसे आणि जोडीला एक शेळी, सारे त्याच खोलीत. दिवसा तिथे शांतपणे पुस्तक उघडणे अशक्य होते. यावर रामजींनी तोडगा काढला. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे आणि रामजींनी रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. दोनला ते भीमरावांना उठवीत आणि त्याच जागी स्वतः आडवे होत. पहाटेपर्यंत रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी भीमरावांचा अभ्यास चाले. खोलीला दुसरी खोली जोडता येत नव्हती. म्हणून बापलेकांनी रात्रीचेच दोन भाग केले.

रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवरून त्यांनी मुलाकडून इंग्रजी-मराठी भाषांतराचा कसून सराव करून घेतला. नेमक्या शब्दासाठी अडून बसण्याची भीमरावांची सवय तिथली. मुलाला मात्र पाठ्यपुस्तकांबाहेरच्या ग्रंथांची ओढ लागली होती. हे अवांतर वाचन वडिलांना फारसे पसंत नव्हते, तरी पुस्तक आणून देण्यात त्यांनी हयगय केली नाही. पेन्शनीत भागेना, तेव्हा ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. त्यांच्याकडून उसने पैसे घ्यावेत, नाहीतर एखादा दागिना गहाण ठेवावा आणि पुस्तक घरी आणावे, असा क्रम होता. एकेका ग्रंथाची घरात अशी किंमत मोजली जात असताना तो नुसता चाळून बाजूला ठेवणे शक्यच नव्हते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. चरित्रकारांच्या नोंदीनुसार त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या टक्केवारीच्या हिशेबात या गुणांकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातील मुलाने त्या काळी मॅट्रिक होणे ही मात्र असामान्य घटना होती. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही शाळेत त्यांना ती भाषा नाकारण्यात आली आणि फारसी घ्यावी लागली. ही उणीव त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने भरून काढली.

घरात जागा नसल्याने भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तिथेच शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे लक्ष या मुलाकडे गेले. मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही केळुसकरांच्याच खटपटीने. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके वाचायला दिली. बी. ए. झाल्यावर लगेचच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजींचे निधन झाले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस आता राहिला नव्हता.

त्याच वर्षी जुलैमध्ये, बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. इथल्या सुरुवातीच्या काळाविषयी चरित्रकारांनी जे नोंदवले आहे, ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. पहिले काही महिने भीमराव मित्रांबरोबर खेळण्यात आणि हिंडण्याफिरण्यात रमले. जातीची ओळख पाठीमागे न लागणारे ते वातावरण त्यांना प्रथमच लाभत होते. अभ्यासाची घडी काही बसेना. मग एका रात्री त्यांनी स्वतःची झाडाझडती घेतली. घरची माणसे हालात दिवस काढीत आहेत, महाराजांचा पैसा खर्च होत आहे आणि ठरलेली मुदत सरत चालली आहे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्या रात्रीनंतर दिनक्रम पालटला. वडिलांनी लावलेली शिस्त आता त्यांची स्वतःची झाली.

पुढे कोलंबियात त्यांनी किती विषयांना हात घातला, हे विद्यापीठातील नोंदींवरून दिसते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. अर्थशास्त्राच्या या विद्यार्थ्याला इतर शास्त्रांच्या वाचनातून आपल्याच समाजाच्या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी मिळाली होती.

पोटाला चिमटा काढून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. ती भारतात पोहोचवण्यासाठी एका मित्राकडे सोपवली, पण त्यातली थोडीच हाती आली. लंडनमधील शिक्षण शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट सोडावे लागले. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते पाणतीराने बुडवले गेले. इतके होऊनही त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

या मुक्कामातील त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उजाडे आणि तिथेच मावळे. दार उघडताच आत जायचे, जेवणाची सुट्टी शक्यतो टाळायची आणि ग्रंथालय बंद होताना बाहेर पडायचे, असा नेम होता. रात्री खोलीवर परतल्यावर भूक लागली तर चार पापड भाजून घेत आणि उत्तररात्रीपर्यंत पुन्हा वाचीत बसत. १९२१ साली त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मात्र पहिल्या फेरीत स्वीकारला गेला नाही. मूळ निष्कर्ष न सोडता मांडणी बदलून त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि १९२३ अखेरीस डी. एस्सी. पदवी मिळवली.

या तपश्चर्येची दुसरी बाजूही विसरता येत नाही. परक्या देशात पतीचा अभ्यास चालू असताना रमाबाई मुंबईत टंचाईत संसार रेटत होत्या. बाबासाहेबांच्या पदव्यांमागे वडिलांची झोप, बहिणींचे दागिने आणि पत्नीचे कष्ट होते. बाबासाहेबांना त्याची जाण होती, हे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहे आणि वाचनालये काढण्याचे काम हाती घेतले. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. आपल्याला जी जागा मिळाली नाही, ती पुढच्या पिढीला मिळावी, हा त्यामागचा ध्यास होता.

दादरच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकात बांधलेल्या ‘राजगृहा’त अखेर ग्रंथांना प्रशस्त जागा लाभली. नंतर मधुमेहाने शरीर पोखरले, दृष्टी मंदावली, पण वाचन सुटले नाही. ५ डिसेंबर १९५६च्या रात्रीही दिल्लीच्या निवासस्थानी ते बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तो ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला.

अभ्यासात मन लागत नाही, अशी तक्रार घराघरांतून ऐकू येते. बाबासाहेबांच्या चरित्रात तिच्यावर जादूचा उपाय सापडणार नाही. ठरलेली वेळ, मिळेल ती जागा, घडी विस्कटली की स्वतःला विचारलेला जाब आणि आपल्या शिक्षणासाठी कोण काय सोसते आहे याचे भान, एवढे मात्र त्यात आहे. हे सारे जमवणे सोपे नाही, पण ते कुणाच्याही आवाक्याबाहेरचेही नाही.