मतपेटीपुढे बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण बहुधा चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि दीक्षाभूमी या क्रमाने सांगतो. त्यांच्या आयुष्यातील एक बाजू मात्र त्यामानाने झाकलेली राहते. ती म्हणजे मते मागण्यासाठी लोकांपुढे उभे राहिलेले बाबासाहेब. ज्यांनी या देशातील प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून आग्रह धरला, त्यांना स्वतःला मतपेटीने एकदा जवळ केले आणि दोनदा दूर लोटले. आज माणिकपूरचा मतदार विधानसभेसाठी वसई मतदारसंघात एक मत देतो आणि एकच आमदार निवडतो. ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की, पूर्वी मतदानाची पद्धत निराळी होती आणि त्या पद्धतीवरच आपल्या समाजाचे जिंकणे-हरणे ठरत होते, हे आपण विसरून गेलो आहोत. म्हणून हा इतिहास क्रमाने पाहिला पाहिजे.

बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रथम गेले ते निवडून नव्हे, तर सरकारनियुक्त सभासद म्हणून. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली. पुढच्याच महिन्यात महाडचा सत्याग्रह झाला. त्या काळी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे त्याचा प्रतिनिधी सरकारने नेमायचा, अशी रीत होती. नेमणुकीचा सभासद सरकारच्या बाजूने बोलणार, अशी लोकांची समजूत असे. बाबासाहेबांनी ती खोटी पाडली. १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे बिल मांडले, गिरणीतील बाळंतिणींना पगारी रजा मिळावी म्हणून पाठिंबा दिला आणि अंदाजपत्रकावर कडक टीका केली. परंतु नेमलेल्या माणसाला मागे हटवणे सरकारच्या हाती असते, निवडून आलेल्या माणसाला मागे हटवणे लोकांच्या हाती असते, हा फरक ते पक्का ओळखून होते.

१९३२ चा पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या जागी राखीव जागा आल्या. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा अस्पृश्य वर्गासाठी राखीव ठरल्या. उमेदवार आपल्या समाजाचा, पण त्याला निवडणारे मतदार सर्व समाजांचे, असा हा प्रकार होता. त्यामुळे आपल्या समाजाची सारी मते मिळूनही आपला माणूस पडू शकत होता.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा दहा महिने झाले होते. पक्षाचे नाव जातीचे नव्हते, श्रमिकांचे होते. कूळ, शेतमजूर आणि गिरणी कामगार यांना एका झेंड्याखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. बाबासाहेब स्वतः मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पी. बाळू पालवणकर यांना उभे केले. बाळू म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे, चर्मकार समाजात जन्मलेले नामांकित क्रिकेटपटू. तरुणपणी ज्यांच्या पराक्रमाचा सगळ्या अस्पृश्य समाजाला अभिमान वाटला, त्यांनाच बाबासाहेबांपुढे उभे करण्यात काँग्रेसचा डाव उघड होता. लढत अटीतटीची झाली. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांनी बाबासाहेब निवडून आले.

या विजयामागे चाळीचाळीतून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट तर होतेच. पण मतदानाच्या पद्धतीचाही वाटा होता. मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून अनेक उमेदवार निवडले जात आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत. ही सारी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. त्यामुळे संख्येने थोडा पण एकजुटीचा समाज आपली ताकद एका ठिकाणी ओतू शकत होता. पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुसंख्य निवडून आले, हे या एकजुटीचेच फळ होते.

निवडून आल्यावर बाबासाहेबांनी त्या जागेचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे बिल मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या बिलाला सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाहेर संप घडवून आणला. त्यांची बिले त्या वेळी मंजूर झाली नाहीत. पण खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि महार वतन १९५८ च्या कायद्याने. मांडलेला विचार उशिरा का होईना, कायद्यात उतरला.

१९४६ च्या निवडणुकीत चित्र पालटले. मजूर पक्षाच्या जागी १९४२ पासून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आले होते. पुणे कराराप्रमाणे राखीव जागेसाठी चारांपेक्षा जास्त उमेदवार असल्यास आधी केवळ अस्पृश्य मतदारांची प्राथमिक निवड होत असे आणि अंतिम मतदान सर्वांचे असे. प्राथमिक फेरीत आपल्या समाजाने ज्यांना वर ठेवले, ते अंतिम फेरीत इतरांच्या मतांनी खाली गेले, असे अनेक ठिकाणी झाले. फेडरेशनचा जवळजवळ सर्वत्र पाडाव झाला. मुंबई विधिमंडळातून घटना समितीत जाण्याची वाट बाबासाहेबांना बंद झाली. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी धावून आले आणि बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा राहिली नाही आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. बंगालच्या त्या बांधवांची मते नसती, तर संविधानाच्या मसुदा समितीचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला ते सामोरे गेले. आता प्रत्येक प्रौढाला मत होते. ही त्यांच्याच आग्रहाची फलश्रुती होती. उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या लोकसभा मतदारसंघात समाजवादी पक्षाशी युती करून ते राखीव जागेसाठी उभे राहिले. साहेबांची प्रकृती खालावलेली होती. तरी ते सभा घेत राहिले. परंतु एकाच उमेदवाराला सारी मते देण्याची जुनी मुभा आता उरली नव्हती. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही मते एकालाच दिली, तर त्यांतील एक फुकट जाई. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली होती. ७४,३३३ मते मोजणीतून बाद झाली होती. मतदारांना दोन्ही मते एकालाच देण्यास सांगणारा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणापुढे गेले. तो अर्ज फेटाळला गेला. मुंबई विधानसभेत त्या वर्षी फेडरेशनतर्फे एकटे बी. सी. कांबळे निवडून आले. बाबासाहेबांना मुंबई विधिमंडळाने राज्यसभेवर पाठवले.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तोही दोन जागांचाच मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब, अशी जोडी होती. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. ज्या संविधानाने मत दिले, त्याच मताचा नाश करा असे सांगणे बाबासाहेबांना रुचले नाही, असे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ८,३८१ मतांनी पडले. आपली मते मित्रपक्षाकडे गेली. मित्रपक्षाच्या मतदारांची मते आपल्याकडे त्या प्रमाणात आली नाहीत. मताचा अधिकार कायद्याने सर्वांना मिळाला होता. परंतु मत देणाऱ्याच्या मनातील जात कायद्याने गेली नव्हती.

वाचकहो, या पराभवांनी बाबासाहेब निराश होऊन धम्माकडे वळले, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. धर्मांतराची घोषणा १९३५ ची. म्हणजे ती त्यांच्या एकमेव निवडणूक विजयाच्याही आधीची आहे. मात्र या पराभवांनी एक गोष्ट त्यांना स्पष्ट दाखवून दिली. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. ज्यांनी राखीव जागांसाठी आयुष्य झिजवले, त्यांच्याच पक्षाचा हा ठराव होता. इतरांच्या मर्जीवर निवडून येणारा प्रतिनिधी आपल्या समाजाचे दुःख मांडू शकत नाही, हा वीस वर्षांचा अनुभव त्यामागे होता.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. दुसरी सार्वत्रिक निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर होती. १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेल्या माणसाला अनुसूचित जातीची राखीव जागा लढवता येत नव्हती. निवडणूक होऊ द्यावी आणि मग दीक्षा घ्यावी, अशी चलबिचल काही कार्यकर्त्यांच्या मनात होती. बाबासाहेबांनी तिथी पुढे ढकलली नाही. लाखो लोकांसह त्यांनी नागपुरात धम्म स्वीकारला आणि राखीव जागांचे दार आपल्या हाताने मागे लोटले. बौद्धांसाठी ते दार संसदेने १९९० साली उघडले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या समाजाने धम्माची किंमत जागांच्या रूपाने मोजली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तीन महिन्यांच्या आत मतदान आले. शोकात बुडालेला, राखीव जागेचा आधार गमावलेला हा समाज संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर उभा राहिला आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. ज्या मुंबईने बाबासाहेबांना पाडले होते, त्या मुंबईनेही फेडरेशनचे जी. के. माने यांना निवडून दिले. या वेळी इतर समाजांची मते मिळाली. कारण लढा सर्वांचा होता. ही गोष्ट १९३६ च्या मजूर पक्षातच बाबासाहेबांनी सांगून ठेवली होती. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने कायमचे गेले.

आज मतदानाच्या दिवशी माणिकपुरात काय, परळला काय, आपण रांगेत उभे राहतो तेव्हा हे आठवावे. आपले मत कोणाच्या मेहरबानीने आलेले नाही आणि ते विकण्यासाठीही आलेले नाही. पराभव पत्करून ज्यांनी मताची प्रतिष्ठा राखली आणि हातची जागा सोडून ज्यांनी आपल्याला धम्म दिला, त्यांचे आपण वारस आहोत. मतदानात एकजूट आणि आचरणात धम्म, या दोन्ही गोष्टी सांभाळल्या तरच ते वारसपण खरे ठरेल.