दुभाष्याची निगा : ग्रेस हॉपर

आमच्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १७२४ सालच्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान येथे समोरासमोर आले, मुबारिझखान पडला आणि दख्खनमध्ये निजामाचा जम बसला. लहानपणापासून हे ऐकत आले आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून गावचे आड कोणी उपसले, शेतांचे बांध कोणी नीट केले, हे मात्र मी कोठे वाचलेले नाही. गंमत म्हणजे गेल्या दिवाळीपर्यंत मला ते कधी खटकलेही नव्हते.

खटकले ते मामांच्या किराणा दुकानात. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतले असले तरी सुट्टीत मी पायथन ही संगणकाची भाषा थोडीफार शिकले आहे. त्या जोरावर मामांच्या उधारीसाठी मी एक छोटासा इंटरप्रिटर लिहिला. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. मामांनी मराठीत ओळ लिहायची, नाव, मग उधार किंवा जमा, मग आकडा; दुभाष्याने ती वाचायची आणि यंत्राकडून हिशेब करून घ्यायचा. सुरुवातीला मी अशी सोय ठेवली होती की, नाव न लिहिता नुसते उधार पन्नास असे लिहिले तर ते वरच्या ओळीतल्या माणसाच्या खाती पडावे. वर्षभराने मला हे गबाळे वाटू लागले. मी आतला नियम बदलला. नाव नसेल तर रक्कम किरकोळ खात्यात जावी. नव्या ओळींना हा नियम चोख होता. पण दुभाष्या दर वेळी वही पहिल्या पानापासून वाचतो, याचा मला विसर पडला. वर्षभरातल्या शेकडो जुन्या ओळी एका रात्रीत किरकोळ खात्यात जाऊन बसल्या.

सोयाबीन विकून लोक उधारी फेडायला येण्याचे ते दिवस. एक आजीबाई आल्या. संगणकाने दाखवलेली बाकी ऐकून त्याच म्हणाल्या की, माझी उधारी एवढी कमी नसणार, नीट बघा. मामांनी काही न बोलता फळीवरून लाल कापडाची वही काढली. ती ते अजून लिहीत होते म्हणून निभावले. ते मला रागावले असते तर बरे झाले असते.

कॉलेजात परत आल्यावर ग्रंथालयात मी ग्रेस हॉपर यांच्याविषयी मिळेल ते वाचले ते या शरमेपोटी. संगणकाच्या पुस्तकांत त्यांची एक गोष्ट हटकून असते, यंत्रात सापडलेल्या पतंगाची. मला ती गोष्ट नको होती. आपल्यासारखी चूक करून कोणी पुढे काय केले, हे मला पाहायचे होते.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म न्यूयॉर्क शहरात ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. वडील विम्याचा व्यवसाय करीत. आईला गणिताची ओढ होती, पण तिच्या काळात मुलींना त्यात फार पुढे जाता येत नसे. पुढे वडिलांचे पाय कापावे लागले. मुलींनाही मुलासारखेच शिकवून त्यांच्या पायांवर उभे करायचे असा त्यांचा आग्रह होता. सात वर्षांची असताना ग्रेसने गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी ते उघडले. जुळेना, म्हणून दुसरे उघडले. अशी घरातली सात घड्याळे तिने खोलून ठेवली. आईने शिक्षा केली नाही, पुढे एकाच घड्याळाशी खेळायचे असे बजावले.

आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना दिलासा वाटावा अशी एक गोष्ट सांगते. सोळाव्या वर्षी तिला व्हॅसार कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले. पुढे यंत्राला भाषा शिकवण्यात नाव काढणारी बाई भाषेच्या परीक्षेत अडली होती! पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली ती गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट मिळवली. व्हॅसारमध्येच ती शिकवू लागली. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या अध्यापकाशी विवाह झाला होता. तो पुढे टिकला नाही, १९४५ मध्ये घटस्फोट झाला. आडनाव मात्र तेच राहिले.

दुसरे महायुद्ध आले. हॉपरबाईंना आरमारात जायचे होते. वय जास्त, वजन नेमापेक्षा पंधरा पौंड कमी, शिवाय गणिताच्या प्राध्यापिकेने वर्गातच राहावे असे सरकारचे म्हणणे. खटपट करून त्यांनी सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या आरमाराच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. १९४४ साली त्यांची रवानगी झाली ती बोटीवर नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड आयकेन यांच्या मार्क वन या गणनयंत्राकडे. हे यंत्र ५१ फूट लांब, आठ फूट उंच आणि पाच टन वजनाचे होते. सेकंदाला तीन बेरजा करी. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते आज्ञा वाचत असे. आयकेनसाहेब कडक. या यंत्राची माहितीपुस्तिका लिहा, असा त्यांचा हुकूम सुटला आणि बाईंनी पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९४६ मध्ये छापला गेला.

त्या खोलीत एक साधी गोष्ट घडत होती, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ तीत आहे. बाई आणि त्यांचे सहकारी नेहमी लागणाऱ्या गणितांचे तुकडे आपापल्या वह्यांत टिपून ठेवीत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरून घेत. उतरताना चुका होत. आकडा बदले, नवीन जागेसाठी करायची बेरीज चुके. हुशारातली हुशार माणसे नक्कल करताना चुकतात, आणि नक्कल हे तर यंत्राचे काम आहे, हे बाईंच्या मनात तेव्हापासून घोळू लागले.

पतंगाची गोष्ट येथे उरकून टाकते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्रातल्या एका रिलेत एक पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. तो बाईंनी शोधला नव्हता. त्या ही गोष्ट रंगवून सांगत एवढेच. यंत्रातल्या दोषाला कीटक म्हणण्याची चाल इंग्रजीत त्याआधीपासून, एडिसनच्या काळापासून होती.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉचली यांच्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक हा संगणक तयार करीत होती. हा काळ त्यांना जड गेला. हार्वर्ड सुटले, संसार मोडलेला, आणि त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. मित्रांनी सावरले. थोर माणसांच्या चरित्रातून असा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो गाळावासा वाटला नाही.

मॉचली यांच्या कल्पनेतून तेथे शॉर्ट कोड नावाचा एक दुभाष्या तयार झाला होता. गणित सोप्या चिन्हांत लिहायचे आणि यंत्राने एकेक चिन्ह वाचत, अर्थ लावत पुढे जायचे. सोय झाली, पण काम कित्येक पट हळू होई. दर वाक्याला थांबून भाषांतर करणाऱ्या दुभाष्यामुळे सभा लांबते, तसेच ते. बाईंनी दुसरी वाट धरली. आधी सगळा मजकूर भाषांतरित करून घ्यावा, मग तो यंत्राने सलग चालवावा. नेहमीच्या गणितांचे तुकडे फितीवर साठवायचे, प्रत्येकाला संकेत द्यायचा, आणि यंत्रानेच ते शोधून, जोडून प्रोग्रॅम तयार करायचा. १९५२ साली त्यांची ए-झीरो ही रचना चालू झाली आणि तिला त्यांनी कंपायलर हे नाव दिले. आजच्या अर्थाने तो पुरा कंपायलर नव्हता, जोडणी करणाराच अधिक होता, असे जाणकार म्हणतात. नक्कल करण्याचे काम मात्र माणसाकडून यंत्राकडे गेले. १९५३ च्या अखेरीस ए-टू ही सुधारलेली आवृत्ती ग्राहकांना आतल्या मजकुरासह दिली गेली आणि सुधारणा सुचल्यास कळवा असेही सांगितले गेले. स्वतःची वही दुसऱ्याला उघडी करून देण्याचे हे धारिष्ट मला फार मोलाचे वाटते.

पुढची पायरी शब्दांची. व्यापारी कचेऱ्यांतल्या माणसांना चिन्हे नकोत, त्यांना शब्द हवेत, असे बाईंचे मत झाले होते. वरिष्ठांना यंत्राला इंग्रजी कळेल हेच पटेना. बाईंनी छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत चालवून दाखवला आणि उत्साहाच्या भरात तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दाखवला. झाले! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कळतात म्हणजे काय, म्हणून वरिष्ठ बिथरले. यंत्राला सगळे शब्द सारखेच, हे समजावण्यात आणखी काळ गेला. शेवटी फ्लोमॅटिक ही भाषा झाली. ती इंग्रजीपुरतीच होती. मामांचा उधार हा शब्द यंत्राला चालतो याचे मला जे नवल वाटले होते, ते बाईंना कधीच वाटले नसते.

१९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक भरली आणि सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक व्यापारी भाषा करायचे ठरले. ती भाषा म्हणजे कोबॉल. बाईंना कोबॉलची आई म्हणतात. ती समितीने केलेली भाषा होती आणि बाई सल्लागार होत्या, असे जीन सॅमेट यांच्यासारख्या समितीतल्याच लोकांनी नोंदवले आहे. पण फ्लोमॅटिकचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबॉल प्रोग्रॅम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे टिफ्रॅक हे देशी यंत्र चालू झाले होते.

येथे बहुतेक चरित्रलेख संपत येतात. माझ्या दृष्टीने खरी हकीकत येथे सुरू होते.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी बाईंना आरमारातून निवृत्त केले गेले. सात महिने गेले. १ ऑगस्ट १९६७ रोजी त्यांना परत बोलावले, सहा महिन्यांसाठी म्हणून. कारण असे की, कोबॉल एक राहिलीच नव्हती. प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये स्वतःच्या सोयीचे फेरफार केले होते. एका यंत्रावर चालणारा आरमाराचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडे, किंवा अडतही नसे, मुकाट्याने वेगळे उत्तर देई. हे दुसरे अधिक वाईट, हे मी आजीबाईंच्या खात्यावरून सांगू शकते.

१९६८ साली कोबॉलचे प्रमाण रूप कागदावर ठरले. व्याकरण छापले म्हणून लोक शुद्ध लिहितातच असे नाही, हे आपल्या वर्गात वेगळे सांगायला नको. बाई आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी चाचण्या लिहायला घेतल्या. प्रत्येक चाचणी म्हणजे एक छोटा कोबॉल प्रोग्रॅम, भाषेचा एखादाच नियम तपासणारा, आणि त्याचे उत्तर आधीच माहीत असलेला. कंपनीचा कंपायलर घ्यायचा, त्यातून या साऱ्या चाचण्या घालायच्या, आणि कोठे उत्तर चुकते ते टिपून कंपनीसमोर ठेवायचे. कंपायलर सुधारला की पुन्हा पहिल्यापासून सगळ्या चाचण्या. कालची पास झालेलीसुद्धा. पुढे अमेरिकी सरकार आपल्या खात्यांसाठी घ्यायचे कोबॉलचे कंपायलर अशाच चाचण्यांवर पारखून घेऊ लागले. सहा महिन्यांची नेमणूक लांबत लांबत गेली. त्या गटाचे काम त्यांनी १९७७ पर्यंत पाहिले.

या दशकावर सिनेमा निघणार नाही. पेंटागॉनमधल्या कचेरीत उलटे फिरणारे घड्याळ टांगलेले, इतर खात्यांतून रातोरात उचलून आणलेले टेबल-खुर्ची, आणि समोर चाचण्यांच्या निकालांचे कागद. काम तेच तेच. पण प्रत्येक नव्या कंपायलरमागे हजारो जुने प्रोग्रॅम उभे आहेत, आणि ते लिहिणारी माणसे कदाचित नोकरी सोडून गेली आहेत, याचे भान ठेवणे हेच ते काम होते.

कोबॉलवर टीकाही झाली. डाइक्स्ट्रासारख्या विद्वानाने तिला फार कठोर शब्दांत झोडपले. ती शब्दबंबाळ आहे, यात शंका नाही. जुने जपण्याचीही किंमत पडते. सालाचे दोनच आकडे लिहिण्याची जुनी काटकसर २००० साल उजाडताना जगभर निस्तरावी लागली, आणि त्यात कोबॉलचे प्रोग्रॅम पुष्कळ होते. पण निस्तरावे लागले ते ते अजून चालत होते म्हणून.

१९७३ मध्ये बाई कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर. १९८५ पासून तो हुद्दा रिअर अ‍ॅडमिरल म्हणून ओळखला गेला. व्याख्यानांत त्या फूटभराहून थोड्या कमी लांबीच्या तारा वाटीत. सेकंदाच्या एक अब्जांश भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे समजावे म्हणून. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, बोस्टनच्या बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांना निरोप देण्यात आला. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप दिला गेला. १९९७ साली आरमारात दाखल झालेल्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव आहे.

संक्रांतीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा दुभाष्यातला तो नियम पूर्ववत केला. मग मामांच्या लाल वहीतली बारा खाती निवडून, त्यांच्या ओळी आणि हाताने काढलेल्या बाक्या वेगळ्या कागदावर उतरवल्या. आता आत काहीही बदलले, अगदी एक स्वल्पविरामसुद्धा, की आधी ही बारा खाती चालवून पाहते. पहिले खाते त्या आजीबाईंचे आहे. मामा लाल वही अजून लिहितात, आणि मीही त्यांना ती बंद करा असे म्हटलेले नाही.