कापरेकरांचा ६१७४
डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. सारखे नसलेले चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो, हे त्यांनी १९४९ मध्ये शोधले. हा केवळ दशमान पद्धतीचा खेळ, असे म्हणत अनेक गणितज्ञांनी ते हसण्यावारी नेले. आक्षेप अर्धाच खरा. दहाऐवजी पाच हा पाया घेतला, तर अशीच वजाबाकी ३०३२ वर थांबते. अनेक पायांत मात्र असा एकमेव मुक्काम नाहीच. हा भेद का, हा अस्सल गणिताचा प्रश्न होय. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने कीर्ती जगभर गेली, तेव्हा हे निवृत्त मास्तर शिकवण्या करून निवृत्तिवेतनाला जोड देत होते. १९८६ मध्ये ते निवर्तले.