विश्लेषण : मराठी छापील अक्षर सुबक करणारे जावजी दादाजी कोण होते?

ताडोबाच्या वाटेवरचा वाघाबाबतचा इशारा, गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीची पाटी किंवा आजच्या अंकाचा मथळा. जाड, ठसठशीत अक्षर लांबून झटकन वाचता यावे लागते. मराठी छापील अक्षराला ही शिस्त लावणाऱ्यांत ‘निर्णयसागर’चे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

सुरुवात कशी झाली?

जावजींचा जन्म १८३९चा. घरची गरिबी आणि शिक्षण बेताचे. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून तो नेमका बसता करायचा, असे हे काम. तेथे थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत मोठी सुधारणा केली होती. पुढे इतर छापखान्यांत नोकरी करून जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये आला. म्हणजे आधी अक्षर आणि मग पुस्तक.

अक्षर घडवणे अवघड का?

प्रत्येक अक्षर आधी पोलादावर उलटे कोरायचे, त्याचा ठसा तांब्यावर उमटवायचा आणि त्या साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. इंग्रजीपेक्षा देवनागरीचा पसारा मोठा. वर वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. त्यामुळे शेकडो खिळे लागत. ही कोरणी राणोजी रावजी आरू यांनी केली. ‘निर्णयसागर’च्या कीर्तीत या कारागिराचा वाटा जावजींइतकाच आहे; त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

या अक्षरांनी काय साधले?

‘काव्यमाला’सारख्या मालेतून संस्कृत ग्रंथ स्वच्छ रूपात देशभर पोहोचले. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिकही येथेच छापले जाई. जावजी १८९२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी कारभार पुढे चालवला.

आजच्या ठळक अक्षरांशी संबंध काय?

‘निर्णयसागर’चे वळण बोरूचे होते, रेघ कुठे जाड, कुठे बारीक. आजच्या फलकांवरील जाड अक्षरात रेघेची जाडी जवळपास सारखीच असते. ‘एक टाइप’चा गुबगुबीत, अस्वलाची आठवण करून देणारा ‘बालू’ हा संगणकीय फॉन्ट याचे परिचित उदाहरण. असे अक्षर मथळे, पाट्या आणि भित्तिपत्रकांसाठी. सलग मजकुरात ते डोळ्यांना थकवते.

अडचण मात्र जुनीच आहे. रेघ जाड केली की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. ‘ब’ आणि ‘व’ सारखे दिसू लागतात, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळ होतो. ही पोकळी राखणे हेच अक्षरकाराचे खरे कसब. आरू ते पोलादावर करत, आज ते पडद्यावर होते. जंगलातल्या रस्त्यावर धावत्या गाडीतून ‘वाघ’ हा शब्द ‘वाध’ असा वाचला गेला, तर फलक उभारूनही उपयोग नाही. म्हणून फलक रंगवण्याआधी त्याचा नमुना पंचवीस-तीस पावलांवरून वाचून पाहावा.