अलेस्सांद्रो व्होल्टा : विजेला मोजमाप देणारा श्रद्धावंत शास्त्रज्ञ



येलदरीच्या माणसाला वीज परकी नाही. पूर्णा नदीवरचे आपले धरण, तिथले 22.5 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आणि तिथून निघालेल्या तारा आपण रोज पाहतो. तारा धातूच्या असतात, पण त्या लोखंडी मनोऱ्याला थेट टेकत नाहीत. मध्ये चिनी मातीच्या चकत्या असतात. तार विजेला वाट देते, चिनी माती तिला अडवते. आपली मुले शाळेत यांनाच सुवाहक आणि दुर्वाहक म्हणतात. ज्यांच्या नावावरून 'व्होल्ट' हा शब्द आला, त्या शास्त्रज्ञांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

अलेस्सांद्रो व्होल्टा यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1745 रोजी इटलीतील कोमो या गावी झाला. चार वर्षांचे होईपर्यंत ते बोलत नव्हते, असे सांगतात. वडील लवकर वारले. घरात धर्मगुरू असलेले काका होते आणि शिक्षण येशूसंघीय फादरांच्या शाळेत झाले. मुलाने वकील व्हावे, असे घरच्यांना वाटे. त्याचे मन मात्र विजेत रमले.

वीज काही पदार्थांतून वाहते आणि काहींतून नाही, हे इंग्लंडच्या स्टीफन ग्रे यांनी 1729 साली दाखवले होते. व्होल्टा यांनी दोन्ही प्रकारचे पदार्थ एकत्र कामाला लावले. 1775 साली त्यांनी राळेची वडी आणि धातूची थाळी यांचे एक साधे यंत्र जगापुढे आणले. वडी एकदा घासली की थाळीवर पुन्हा पुन्हा विद्युतभार मिळे. राळ दुर्वाहक, म्हणून भार तिच्यावर टिकून राही. थाळी सुवाहक, म्हणून ठिणगी देई. पुढे ते पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

1791 साली बोलोन्याचे लुईजी गॅल्व्हनी यांनी जाहीर केले की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो आखडतो. वीज प्राण्याच्या अंगातच असते. व्होल्टा यांना आधी हे पटले, मग शंका आली. वीज दोन वेगळ्या धातूंमुळे येत असेल आणि बेडूक हा केवळ ओला सुवाहक असेल तर? मग बेडकाऐवजी दुसरी ओली वस्तू चालायला हवी. त्यांनी चांदी आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या आणि प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला. सतत वाहणारी वीज मिळाली! 20 मार्च 1800 च्या पत्राने ही वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीला गेली. हीच जगातील पहिली बॅटरी.

आज आपण जाणतो की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सजीवांच्या नसांत आणि स्नायूंत वीज असते, म्हणून तर हृदयाचा आलेख काढता येतो. आणि बॅटरीतील वीज नुसत्या धातूंच्या स्पर्शाने नव्हे, तर रासायनिक क्रियेने टिकते. ही बाजू व्होल्टा यांच्या ध्यानात आली नव्हती.

1801 साली पॅरिसमध्ये नेपोलियनने त्यांचे प्रयोग पाहिले आणि 1810 साली त्यांना काऊंट ही पदवी मिळाली. पण 1814 साली त्यांचा तरुण मुलगा फ्लामिनिओ वारला आणि घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या कॅथलिक श्रद्धेची लेखी कबुली दिली. विद्वानांना धर्माची गरज नसते, असे मानले जाण्याचा तो काळ होता. आपली श्रद्धा केवळ सवयीची नसून अभ्यासाने पक्की झाली आहे आणि शुभवर्तमानाची आपल्याला लाज वाटत नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. 5 मार्च 1827 रोजी ते प्रभूघरी गेले. 1881 साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विद्युतदाबाच्या एककाला त्यांचे नाव दिले.

पालकांनो, व्होल्टा यांच्या पुठ्ठ्याचा धडा मुलांना जरूर सांगा. कोरडा पुठ्ठा वीज अडवतो, मिठाच्या पाण्याने भिजला की तोच तिला वाट देतो. घामाने ओला झालेला हात, पावसात भिजलेली काठी यांचेही तसेच. म्हणून ओल्या हाताने मोटारीचे बटण दाबू नये आणि तुटलेली तार कोरड्या वाटणाऱ्या काठीनेही हलवू नये. वीज कार्यालयाला कळवावे. ज्ञान ही देवाची देणगी आहे. तिने घरातील जीव सुरक्षित राहोत, हीच आमची प्रार्थना.