कै. रमाबाई रानडे

मुलीने अक्षर गिरविले तर तिच्या कपाळीचे कुंकू पुसले जाते, असे सुशिक्षित म्हणविणाऱ्या घराण्यांतूनही मानले जात असे, त्या काळी सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी २५ जानेवारी १८६२ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे माहेरचे नाव यमुना. हे गाव पुढे सांगली जिल्ह्यात गेले. कुर्लेकरांच्या घरी मुलींस लिहावयास-वाचावयास शिकविण्याची चाल नव्हती. ओव्या, स्तोत्रे, व्रतवैकल्ये आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या पुराणातील कथा एवढीच काय ती तिची शिदोरी. ती तिने आयुष्यभर जपली हे मात्र खरे.

१८७३ च्या डिसेंबरात, वयाची बारा वर्षेही पुरी झाली नसता, यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमाबाई झाली. माधवरावांचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी वारून दोनच महिने झाले होते. माधवराव हे विधवाविवाहाच्या चळवळीतील अग्रेसर पुरुष. त्यांनी आता एखाद्या विधवेचे पाणिग्रहण करून बोलल्याप्रमाणे चालून दाखवावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडील गोविंदराव यांचा त्यास कडवा विरोध होता. पित्याच्या इच्छेपुढे माधवरावांनी मान तुकविली व एका अजाण बालिकेशी लग्न लावून घेतले. त्याबद्दल सनातन्यांनी त्यांची थट्टा केली आणि सुधारकांनी निंदा केली. माधवरावांच्या या वर्तनाचे मंडन आम्ही करणार नाही. एवढ्या थोर पुरुषाच्या चरित्रात ही उणीव राहिली ती राहिलीच. परंतु ज्या मुलीमुळे एक विधवा त्या घरात येऊ शकली नाही, तीच पुढे शेकडो विधवांचे आश्रयस्थान झाली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. रमाबाई जेव्हा जाणत्या झाल्या तेव्हा आपल्या विवाहाची ही बाजू त्यांना ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे?

लग्न होऊन पुण्यास आल्या दिवसापासूनच माधवरावांनी पत्नीस शिकविण्यास आरंभ केला. प्रथम मुळाक्षरे, मग वाचन, मग मराठीचा व गणिताचा अभ्यास. पुढे शिकविण्यास एक शिक्षिका येऊ लागली व काही वर्षांनी इंग्रजीचाही श्रीगणेशा झाला. माडीवर धडे चालत आणि माजघरात त्यावर टीका चाले. रानड्यांच्या घरी त्या वेळी सासू, विधवा नणंद व इतर नातलग बायका असा मोठा परिवार होता. पतीपाशी शिकणारी ही पोर त्यांस उच्छृंखल वाटे. टोमणे मारावे, अबोला धरावा, कामात तिला एकटे पाडावे, असे प्रकार नित्य घडत. ख्रिस्ती बाईकडून इंग्रजीचा पाठ घेतला की स्नान केल्याशिवाय घरातील कोणास शिवण्याची सोय नसे.

येथे रमाबाईंचा स्वभाव दिसून येतो. त्यांनी उलट उत्तर केले नाही, तसाच अभ्यासही टाकला नाही. वडीलधाऱ्या बायकांची सेवा त्या पूर्ववत करीत राहिल्या आणि रात्री पुन्हा पुस्तक घेऊन बसू लागल्या. माधवराव घरातील भांडणात क्वचितच पडत. त्यांची रीत अशी, की आपल्या मनाविरुद्ध काही झाले तर ते बोलणेच बंद करीत. या मौनाने रमाबाईंस बायकांच्या टोमण्यांहूनही अधिक यातना होत, असे त्यांच्या आठवणी वाचताना ध्यानात येते. एकीकडे पतीची शिस्त, दुसरीकडे घराची शिस्त, आणि या दोहोंमध्ये एक कोवळी मुलगी. तिच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना हा ताण वगळून चालणार नाही.

१८७८ साली माधवरावांची नाशिकास बदली झाली. तेथे रमाबाईंस प्रथमच स्वतंत्र संसार मांडावयास मिळाला. पुढच्याच वर्षी पुण्यातील बुधवार वाड्यास आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड त्याच सुमारास गाजत होते. सरकारची वक्रदृष्टी माधवरावांकडेही वळली आणि त्यांस धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. नवऱ्यावर राज्यकर्त्यांचा संशय असताना घर कसे सांभाळावे याचा धडा रमाबाईंस वयाच्या अठराव्या वर्षी मिळाला.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. रमाबाई रानडे त्याच्या सभांस जाऊ लागल्या. घरातील असंतोष आणखी वाढला. आणि १८८४ साली तर कहरच झाला. मुलींसाठी पुण्यात हायस्कूल असावे अशी मागणी करण्यासाठी भरलेल्या जाहीर सभेत, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर, रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचून दाखविले. मजकूर माधवरावांनी लिहून दिला होता, पण शेकडो पुरुषांच्या दृष्टी झेलीत उभे राहण्याचे धैर्य काही त्यांस लिहून देता येण्याजोगे नव्हते. बावीस वर्षांची ब्राह्मण घरची सून साहेबापुढे उभी राहून बोलली, या वार्तेने पुणे ढवळून निघाले. घरी जे स्वागत झाले त्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याच वर्षीच्या २९ सप्टेंबरास हुजूरपागेतील मुलींचे हायस्कूल उघडले. आज आमच्या शाळेत मुले व मुली शेजारशेजारच्या बाकांवर बसतात. या सोयीचा इतिहास शोधू गेल्यास तो अशा सभांपर्यंत जाऊन पोहोचतो.

१८९३ साली माधवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले व बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचा एक क्लब चालविला. शिवण, भाषा, प्रथमोपचार असे विषय तेथे शिकविले जात. घरी माधवरावांची दृष्टी अधू झाल्याने वाचून दाखविण्याचे काम पुष्कळसे रमाबाईंकडे आले. पहाटे माधवराव तुकोबांचे अभंग म्हणू लागले की त्यांचे डोळे पाण्याने भरून येत. रमाबाई हे सारे जवळून पाहत. माहेरच्या व्रतवैकल्यांत वाढलेली त्यांची श्रद्धा या सहवासात निवळत गेली. त्यांनी देवधर्म सोडला नाही. माणसाच्या उपयोगी पडणे हेही त्या देवधर्मातच मोजू लागल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचा अंत झाला. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या. पोटी अपत्य नाही, आणि ज्यांच्याभोवती सारे आयुष्य गुंफले होते ते आधारस्थान नाहीसे झालेले. त्या पुण्यास परतल्या व जवळजवळ वर्षभर जुन्या घरात एकांतवासात राहिल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुढील आयुष्य पोथी आणि माळ यांच्या सोबतीत घालविले असते तर कोणी नावे ठेविली नसती. उलट समाजाने वाखाणणीच केली असती. आजवर जे केले ते पतीच्या इच्छेने केले, असे लोकांस म्हणता येत होते. यापुढे मात्र जे घडावयाचे ते त्यांच्या स्वतःच्या इच्छेने. आमच्या मते रमाबाईंच्या चरित्राचा खरा कस लागतो तो येथेच.

त्या घराबाहेर पडल्या. तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, त्यांच्याजवळ बसून दोन शब्द बोलू लागल्या. सुधारगृहातील मुलांस सणासुदीस मिठाई नेऊन देऊ लागल्या. रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांस फळे, फुले, पुस्तके देऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचीही धुरा रमाबाईंकडे आली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यास सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यात गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील हे तडफदार कार्यकर्ते. हिशेब, वर्गणी, इमारत यांची यातायात त्यांनी करावी व बायकांस घराबाहेर आणण्याचे अवघड काम रमाबाईंनी करावे, अशी ही जोडी होती.

अवघड असे आम्ही म्हटले, कारण वर्ग काढणे सोपे होते, त्यात विद्यार्थिनी बसविणे सोपे नव्हते. विशेषतः परिचारिकेच्या शिक्षणास हिंदू घरांतील कोणी तयार होईना. परक्या जातीच्या रोग्यास शिवावयाचे, पुरुषांच्या खोलीत जावयाचे, रात्रपाळी करावयाची. अशा बाईची अब्रू कोण मानील? रमाबाईंनी विधवा मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या वडीलधाऱ्यांची समजूत घातली. त्यांच्या नावाचा व आचरणाचा दबदबा येथे कामी आला. ज्या बाईच्या सोवळ्याओवळ्याविषयी, देवपूजेविषयी कोणी बोट दाखवू शकत नव्हता, तिच्या स्वाधीन मुलगी करावयास बाप धजावला. काही सुधारकांस रमाबाई जुन्या वळणाच्या वाटत. त्यांनी हे ध्यानात घेतले नाही, की ज्या दारातून सुधारकाचे व्याख्यान परत फिरे त्या दारातून रमाबाई आत जाऊन बसत. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या मुली शिकू लागल्या. परिचारिका, सुईणी, शिक्षिका म्हणून त्या बाहेर पडल्या आणि स्वतःच्या कमाईचे अन्न खाऊ लागल्या.

एका बक्षीस-समारंभातील प्रसंग सांगण्याजोगा आहे. केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यावयास व्यासपीठावर चढली, तेव्हा प्रेक्षकांतील कॉलेजच्या तरुणांनी हुल्लड करून तिची टर उडविली. रमाबाई बोलावयास उठल्या त्या संतापानेच. तुम्ही शिकलेले म्हणविता, आणि जिचा काहीही अपराध नाही अशा आपल्या बहिणीची विटंबना करिता, या आशयाचे खडे बोल त्यांनी त्या तरुणांस भर सभेत सुनावले. ज्यांनी घरात सासूनणंदांपुढे कधी आवाज चढविला नाही त्याच या बाई होत. स्वतःकरिता त्यांनी पुष्कळ गिळले, दुसरीकरिता गिळले नाही.

१९१० साली रमाबाईंचा आमच्या आयुष्यातील काही आठवणी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. साधी, घरगुती, पण अंतःकरणास भिडणारी अशी त्याची भाषा आहे. माधवरावांची धर्मपर व्याख्यानेही त्यांनी प्रसिद्ध केली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून वाचकांनी काही एक पुस्तक न्यावयाचे असेल तर त्या आठवणी न्याव्या. २०१२ साली दूरचित्रवाणीवर त्यांच्या जीवनावर मालिका आली, ती पुष्कळांनी पाहिली असेल. पण मूळ ग्रंथाची गोडी निराळी आहे.

पुढील वर्षांतही त्यांस विसावा नव्हता. १९१३ साली दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यासाठी त्या गुजरात-काठेवाडात गेल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे ठरू लागले, तेव्हा खर्चाच्या सबबीवर ते तूर्त मुलांपुरतेच ठेवावे असे पुण्यातील वजनदार पुढाऱ्यांचे मत पडले. १९२० च्या सुमारास त्याविरुद्ध स्त्रियांच्या सभा झाल्या, मिरवणूक निघाली, आणि तिच्या अग्रभागी साठीकडे झुकलेल्या रमाबाई होत्या. स्त्रियांस मताधिकार मिळावा यासाठी मुंबई इलाख्यात जी चळवळ झाली तीतही त्या पुढे होत्या.

आणि अखेरच्या वर्षांतील त्यांचे काम म्हणजे आळंदीच्या यात्रेतील सेवा. आषाढी-कार्तिकीस सेवासदनातील स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीस जात व यात्रेस आलेल्या बायकांस साहाय्य करीत. यात्रेची गर्दी म्हणजे काय हे आम्हां कन्नौदकरांस सांगावयास नको. पर्वणीस नेमावरच्या घाटावर हात सुटलेली लेकरे, गांगरलेल्या म्हाताऱ्या आणि भोवळ येऊन खाली बसलेल्या बायका आपण सारेच पाहतो. अशा ठिकाणी बायकांच्या मदतीस बायकांनीच उभे राहावे, ही कल्पना त्या काळी अगदी नवीन होती. वारकरी बायांना या पांढरपेशा घरच्या मुलींचे प्रथम नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

१९२४ साली रमाबाईंनी देह ठेविला. त्या वर्षी पुण्याच्या सेवासदनात हजारांहून अधिक मुली व स्त्रिया शिकत होत्या.