कर्मवीर भाऊराव पाटील : ज्ञानदानाचा वटवृक्ष

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. त्या काळी खेड्यातील मुलास प्राथमिक इयत्तांपुढे शिकावयाचे असल्यास शहर गाठावे लागे. तेथील राहण्याजेवण्याचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरचा असे आणि वसतिगृहे बहुधा एकेका जातीपुरतीच असत. बुद्धी असूनही हजारो मुले केवळ आसऱ्याअभावी शिक्षणास मुकत होती.

भाऊराव कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकत होते. राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते आवर्जून उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या वास्तूत आलेला हा अनुभव त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवून गेला. ते स्वतः मॅट्रिकही झाले नाहीत. परंतु इतरांच्या शिक्षणासाठी त्यांनी सर्वस्व वेचले.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांच्या शिध्यासाठी भाऊराव गावोगाव फिरून धान्य व देणग्या जमवीत. ते परगावी असताना घरातील धान्य संपले, तेव्हा सुविद्य संस्कारांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडून मुलांच्या मुखी अन्न घातले. या माउलीचे १९३० साली निधन झाले.

केवळ दानावर शिक्षण टिकणार नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी श्रमाची जोड दिली. विद्यार्थी शेतात राबत, विहिरी खणत, इमारती बांधत आणि त्या कष्टांतून शिक्षणाचा खर्च भागवीत. हीच ‘कमवा व शिका’ योजना होय. खेड्यांसाठी शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. पाठोपाठ जेथे शाळाच नव्हती अशा दुर्गम वाड्यावस्त्यांवर त्यांनी शाळा उघडल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात सुरू झाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आहारदान व ज्ञानदान ही आपल्या परंपरेतील दोन थोर दाने आहेत. कर्मवीरांनी ती एकाच पंगतीत एकत्र आणली. आज शाळा गावोगावी पोहोचल्या आहेत. तथापि शहरातील निवास व भोजन यांचा खर्च न पेलल्यामुळे उच्च शिक्षण सोडणारी मुले आजही आहेत. स्वधर्मीय विद्यार्थ्यास साहाय्य करणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु वसतिगृहातील काही जागा जातिधर्म न पाहता गरजू मुलांसाठी राखणे, त्यांना मानाचे काम देऊन स्वावलंबी करणे आणि दात्यांनी इमारतीच्या कोनशिलेइतकेच महत्त्व मुलांच्या रोजच्या जेवणास देणे, एवढे जरी समाजबांधवांनी केले तरी कर्मवीरांचे ऋण अंशतः फिटेल.